तिसऱ्या खुर्चीसमोरचा माईक

१

सकाळची भांडी घासून झाली की घराघरांत रेडिओ लागायचा आणि आप्पांचा भारदस्त आवाज यायचा, "बसा जरा. घाई कसली?" मागोमाग मावशी म्हणायच्या, "घाई नाही कशी? यांना काय, आयतं ताट मिळतं." की झाली गप्पांना सुरुवात. कुणाची सून ऐकत नाही, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाला झोप येत नाही. लोक फोन करायचे, आप्पा सल्ला द्यायचे, मावशी त्याची टर उडवायच्या. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही हे दोघं असेच भांडत होते म्हणे.

अशा कार्यक्रमात सुनेला नोकरी लागली, तेव्हा सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. नोकरी काय, तर फोन उचलायचा. "कोण बोलतंय, कुठून बोलताय, रेडिओचा आवाज बारीक करा, आता तुम्हाला आप्पांशी जोडून देते." एवढंच. सातवी शिकलेल्या पोरीला याहून बरं काय मिळणार? तिथं तिला सगळे फोनवाली म्हणत.

आत गेल्यावर मात्र एक गंमत कळली. रेडिओवर तासभर तोंडाला तोंड देणारे आप्पा आणि मावशी लाल दिवा विझला की एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. आप्पा मफलर गुंडाळून एका दारानं, मावशी पिशवी उचलून दुसऱ्या दारानं. आणि चहा मागायचा तर दोघांचा आवाज इतका बारीक, की कान तोंडाशी न्यावा लागे. फाटक्या कागदातून वारा जावा तसा.

"बोलून बोलून घसा जातो गं," काचेपलीकडचं यंत्र सांभाळणारा मिस्त्री म्हणाला होता. तो स्वतःही कुजबुजूनच बोलायचा. जन्म लाल दिव्याखाली गेला, सवय लागली, म्हणायचा. "माईकसमोर बसले की येतो परत."

तिला ते पटलं होतं. न पटायला काय झालं? खाणावळवाल्याला घरी जेवण जात नाही, तसंच हे.

२

फोनवालीची पोर चिमी नऊ महिन्यांची झाली आणि सासूबाईंचा गुडघा धरला. उठता-बसता येईना, तर रांगणाऱ्या पोरीमागं कोण धावणार? चिमीचा बाप ट्रकवर. आज इथं तर उद्या दोन मुलखांपलीकडं. मग फोनवाली चिमीला कडेवर घेऊनच कामाला येऊ लागली. आता हाकलतील, मग हाकलतील, म्हणून जीव मुठीत धरून होती. पण कुणी काही बोललं नाही. मावशींनी तर चष्मा वर करून चिमीकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

चिमी गुणाची होती. फक्त झोप सावध. फोन वाजला की जागी. आणि जागी झाली की रडण्याआधी "ब्बा ब्बा" अशी हाकाटी. सासूबाई हसायच्या, "बघ, पोरगी आधी बापालाच हाक मारणार. तू बस उकिडवी तिच्या 'आई' म्हणण्याची वाट बघत."

"मारेल हो मलाही," ती म्हणायची. पण मनात लागायचं. रात्रंदिवस हिच्यामागं आपण, आणि हाक बापाला!

स्टुडिओ ही त्या इमारतीतली सगळ्यांत शांत खोली. भिंतींना जाड कापूस, दार लोखंडी, वर रबर. दार लावलं की आपलाच श्वास मोठा वाटावा. कार्यक्रमाआधी तिथं कुणी नसे. तेव्हा तिनं चिमीची टोपली तिथं न्यायला सुरुवात केली. तिथं पोर गाढ झोपायची.

आत गोल टेबल आणि तीन खुर्च्या. एक आप्पांची, एक मावशींची. तिसरीसमोरही माईक होता, पण तिथं कुणी बसत नसे. तिला वाटलं, पाहुण्यांसाठी असेल. पाहुणा मात्र कधी आला नाही. टोपली ठेवायला तीच जागा सोयीची, म्हणून ती तिसऱ्या खुर्चीवरच ठेवायची. खुर्चीची गादी बसकी आणि जराशी कोमट असायची. यंत्राची गरम हवा तिथं येत असेल.

एकदा काचेतून तिचं लक्ष मिस्त्रीच्या यंत्राकडं गेलं. आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या ओळीनं होत्या. दोन खाली. तिसरी पूर्ण वर.

"हा माईक चालूच राहिलाय हो," ती म्हणाली.

"तो चालूच असतो."

"रिकाम्या खुर्चीचा?"

"खोलीचा आवाज लागतो," मिस्त्री कुजबुजला. "तो नसला की बोलणं पोकळ वाटतं. घरात बसून बोलल्यासारखं वाटत नाही. तू तुझं काम कर बाई."

असेल. रेडिओतल्या माणसाला रेडिओ कळणार. तिनं टोपली हलवली नाही.

३

पहिल्यांदा ऐकलं ते सासूबाईंनी.

"आज मावशी काय हसल्या गं! अगदी लहान पोरीसारख्या. फिरून फिरून ऐकावंसं वाटलं."

"हसतातच त्या."

"हसतात, पण असं नाही. शेवटी बारीकशी उचकी लागली बघ. हिक् करून."

तिचा हात तव्यावरच राहिला. बोट भाजलं तेव्हा भानावर आली.

चिमीच्या हसण्याला शेपूट होतं. ही पोरगी पोट धरून हसायची आणि हसू संपलं की एक उचकी यायची, हिक्. ती एवढी ठरलेली, की चिमीचा बाप फोनवर तेवढ्यासाठी थांबून राहायचा. "हं, आली का उचकी? आता ठेव फोन," म्हणायचा.

आपलं काहीतरीच, ती मनाशी म्हणाली. उचकी काय एकट्या चिमीची जहागीर आहे? म्हाताऱ्या माणसाला उचकी लागायची नाही? तरी तिनं पदरानं तोंड झाकून चिमीला "भुक्" केलं. चिमीनं डोळे मोठे केले. तोंड उघडलं, दोन दात दिसले, खांदे हलले. हसली.

आवाज आला नाही.

"सासूबाई, ही हसली ना आत्ता?"

"हसली की. दिसत नाही का तुला?"

"ऐकू आलं?"

"तू भांडी आपटतेस त्यात काय ऐकू येणार?"

भांडी तर केव्हाची थांबली होती.

४

डॉक्टरनं चिमीच्या तोंडात बॅटरी मारली, कानामागं चुटक्या वाजवल्या. घसा साफ, कान साफ. "मुलं कधीकधी मौनात जातात. पहिलटकरीण ना तुम्ही? सगळ्यांना असंच वाटतं." तिनं मान डोलावली. पहिलटकरीण म्हटलं की पुढं बोलायची सोय राहत नाही.

चिमीचा बाप फोनवर म्हणाला, "अगं, गप्प आहे तर बरंच आहे. लोक गप्प पोरांसाठी नवस बोलतात."

"तसलं गप्प नाही हो हे."

"मग कसलं?"

तिला सांगता येईना. गप्प पोर आपणहून गप्प असतं. हिच्या तोंडातून कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं. पण हे बोललं तर माणूस वेड्यात काढील.

तरी तिनं टोपली स्टुडिओत ठेवणं बंद केलं. आपल्या टेबलाखाली, पायाशी ठेवू लागली. फोन वाजायचा तशी चिमी दचकून जागी व्हायची. पण "ब्बा" म्हणायची नाही. नुसते ओठ मिटायचे, उघडायचे, पाण्यातल्या माशासारखे.

एकदा फोनवर एक बाई होती. नातवंड दूर गेलं म्हणून रडत होती. फोनवालीनं तिला आत जोडून दिलं आणि कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकत राहिली. मावशी त्या बाईला समजावत होत्या. आवाज मऊ, दुधासारखा. बाईचं रडू थांबलं. मग मावशी लाडात येऊन म्हणाल्या, "आमचे आप्पा बघा, आजोबा व्हायच्या वयात बोबडे बोलायला लागलेत. बोला हो आप्पा!"

आणि आप्पा म्हणाले, "ब्बा ब्बा."

फोनवरची बाई खळखळून हसली. फोनवालीनं टेबलाखाली वाकून पाहिलं. चिमी तिच्याकडंच बघत होती. ओठ मिटलेले.

म्हातारा माणूस नक्कल करतोय, तिनं स्वतःला बजावलं. आपली पोर रोज तिथं असते, ऐकलं असेल त्यानं. नट माणसं ती. नक्कल करायची नाही तर काय करायचं?

पण मोठ्या माणसाची नक्कल मोठ्या माणसासारखी येते. ही तशी नव्हती.

५

सुट्टीच्या दिवशी दुपारी डोळा लागला तिचा. चिमी शेजारी भिंतीच्या बाजूला झोपलेली. मधे उशी. जागी झाली ती कशानं, तर कशानंच नाही. घर शांत होतं. सासूबाई बाहेरच्या खोलीत घोरत होत्या. तिनं हात लांब केला, तो गादीवर पडला. पोर नव्हती.

खाटेच्या आणि भिंतीच्या फटीत चिमी अडकली होती. डोकं खाली, एक पाय वर. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, तोंड घशापर्यंत उघडं. रडत होती. जीव तोडून रडत होती आणि खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

किती वेळ रडत होती, देव जाणे. आई वीतभर अंतरावर घोरत पडलेली!

"ओ, आले हं! आले हं!" तिनं खाट ओढली, पोरीला उराशी धरलं. हे तिचं नेहमीचंच. चिमी रडली की हातातलं टाकून ती "ओ, आले हं" म्हणत धावायची, आणि तो आवाज ऐकला की चिमी निम्मी शांत व्हायची. आजही झाली. ऐकू तर येत होतं पोरीला. मग तिनं नेहमीची अंगाई म्हटली, स्वतःच जुळवलेली,

"नीज गं चिमे, नीज गं राणी,
मांडीवर माझ्या सांडलं पाणी..."

सांडलं पाणी म्हणजे काय ते कुणालाही कळेल. चिमीचा बाप त्यावर फार हसायचा. आज तिला हसू आलं नाही. आज सापडली. उद्या आपण न्हाणीत असू, पोर गॅसजवळ जाईल, विहिरीवर जाईल, आणि हाक येणार नाही. जिची हाक येत नाही तिला वाचवायचं कसं?

६

"तो माईक बंद करा," तिनं दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं. सांगितलं कसलं, समोर उभीच राहिली.

मिस्त्री वायर गुंडाळत होता. "कुठला?"

"माहीत आहे तुम्हाला कुठला."

"केला होता एकदा." तो काचेकडं न बघता म्हणाला. "रिकामी हवा गेली. म्हणजे नुसती शांतता. रेडिओत त्याहून वाईट काही नसतं."

"त्या दोघांचा आवाज कुठं गेला होता तेव्हा?"

मिस्त्रीनं हातानं खूण केली, हळू. मग म्हणाला, "तुझ्या आधी एक फोनवाली होती. गायची छान. घसा बसला तिचा. पोरीला घेऊन घरी जा. परत येऊ नकोस." एवढं बोलून तो असा दमला, की स्टुलावर टेकला.

घरी जायचं? पोरीचा आवाज इथं ठेवून?

बोळकांडीत मावशी भेटल्या. पिशवी, चष्मा, पायात सपाता. कुणाच्याही घरातली म्हातारी वाटावी अशा. त्यांनी चिमीच्या गळ्यावरून एक बोट फिरवलं. फोनवालीनं कान त्यांच्या तोंडाशी नेला नाही, तरी ऐकू आलं.

"गोड आहे हो," मावशी म्हणाल्या. "फार गोड. पुरत नाही मात्र."

आणि लाल दिवा लागायची वेळ झाली म्हणून आत गेल्या.

७

फोन वाजत होते. ती उचलत नव्हती. आतून आप्पांचा आवाज येत होता, "बसा जरा, घाई कसली?" तिनं चिमीला कडेवर घट्ट धरलं आणि लाल दिव्याखालचं लोखंडी दार ढकललं. आजवर असं कुणी केलं नसेल. काचेपलीकडं मिस्त्री उठून उभा राहिला, पण त्यानं हात वर केला नाही.

आप्पा बोलत होते. मावशी बोलत होत्या. दोघांनी तिच्याकडं पाहिलं आणि बोलणं थांबवलं नाही. ओठ हलत होते त्यांचे, छान, सवयीनं. पण जवळून ऐकताना तिला पहिल्यांदा कळलं, आवाज त्यांच्या बाजूनं येतच नव्हता. तो टेबलाच्या तिसऱ्या बाजूनं येत होता.

तिनं पुढं होऊन तिसऱ्या माईकची वायर उपसली.

एकदम सगळं बंद. आप्पांचे ओठ हलताहेत, मावशी मान वेळावताहेत, हसताहेत, आणि काही नाही. भिंतीतल्या कापसानं सगळं गिळून टाकावं तसं. आप्पांनी घाबरून गळ्याला हात लावला. मावशी तिच्या पदराशी झोंबल्या. त्या डोळ्यांत राग नव्हता. भीक मागणाऱ्याचे डोळे ते.

मग त्या शांततेत रडू ऐकू आलं.

वायर तिच्या हातात लोंबत होती. चिमी कडेवर होती, तोंड मिटून, आईचा पदर मुठीत धरून. आणि चिमीचं रडणं रिकाम्या खुर्चीतून येत होतं. भुकेचं नाही, पडल्याचं नाही. अंधाऱ्या खोलीत जाग आल्यावर शेजारी कुणी नसलं की पोर रडतं, ते.

तिनं खुर्चीकडं पाहिलं. बसकी गादी आणखी खाली दबत होती, हळूहळू, पुढं सरसावून बसावं तशी. गादीच्या वर काय होतं, ते तिला पुढं कधी आठवलं नाही. एवढंच आठवलं, की त्याला फक्त उघडं तोंड होतं, आणि ते लहान मुलाच्या तोंडाएवढं नव्हतं.

इथून पळायला हवं, हे तिला कळत होतं. पण आपलं पोर रडतंय म्हटल्यावर कुठल्या आईला अक्कल राहते? तोंडातून आपोआप गेलं,

"ओ, आले हं!"

रडणं जरा खाली आलं. ती वाकली. आणखी वाकली. कोमट वाफ गालाला लागली. आणि तिनं, हलक्या आवाजात, नेहमीसारखं म्हटलं,

"नीज गं चिमे, नीज गं राणी,
मांडीवर माझ्या..."

कडेवरच्या चिमीनं असा टाहो फोडला, की कानठळ्या बसाव्यात.

आवाज! पोरीचा आवाज! ती तशीच वळली, दार लोटलं, बोळकांडीतून पळत सुटली. चिमी भोकांड पसरून रडत होती आणि आईचा जीव सुपाएवढा झाला होता. रड माझे बाई, रड. सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे. जिना उतरताना तिनं तिला समजवायला तोंड उघडलं. मग पुन्हा उघडलं.

अंगाईतले "सांडलं पाणी" हे शब्द तिच्या तोंडून आले नव्हते, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

८

"घसा बसलाय तुझा. बडबड काय कमी करायचीस?" सासूबाई म्हणाल्या आणि गुळण्या करायला कोमट पाणी दिलं. चिमीचा बाप फोनवर खेकसला, "अगं, बोल की! आहेस ना तिथं?" तिनं फोनवर नखानं टकटक केलं. मग चिमीला फोनशी धरलं. चिमी हसली, उचकी आली, हिक्. "आली!" तो ओरडला. त्याला तेवढं पुरलं.

तिलाही पुरलं. गेला तर गेला आपला. बोलून असं काय मोठं बोलणार होतो आपण? पोरगी रडते, हसते, "ब्बा" म्हणते. दोन खोल्यांपलीकडून कळतं कुठं आहे ती. रात्री ती तिच्या पाठीवर थोपटायची, टाळ्या वाजवून खेळवायची. फक्त एक होतं. चिमी रडली की आता शांत व्हायला वेळ लागायचा. थोपटणाऱ्या हाताकडं न बघता ती मान वळवून वळवून काहीतरी शोधायची.

सकाळी भांडी घासून झाली. सासूबाईंनी पाय लांब करून रेडिओ लावला. ती नको नको असा हात हलवत आली.

"काय झालं? चार दिवस कार्यक्रम बंद होता, आज लागलाय. ऐकू दे की."

"बसा जरा. घाई कसली?" आप्पा म्हणाले.

मग मावशी बोलल्या. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. "अगं बाई! किती तरुण लागतोय आवाज. अगदी तुझ्यासारखा गं!"

खाली चटईवर चिमी खेळत होती. तिनं डबा टाकला. कान टवकारले.

ती पोरीला उचलायला धावली, पण चिमी त्याआधीच सरसर रांगत निघाली होती. तिच्या पायांवरून, तिच्या पसरलेल्या हातांखालून. रेडिओच्या बुटक्या फळीशी पोचली, फळीला धरून उभी राहिली. पहिल्यांदाच उभी राहिली. रेडिओच्या जाळीला दोन्ही हात लावले, गाल टेकला आणि स्वच्छ, बिनचूक म्हणाली,

"आई."

"ऐकलंस?" सासूबाईंनी टाळी वाजवली. "अगं, तुला हाक मारली! ओ दे की तिला, ओ दे!"

ती तोंड उघडून उभी होती.

रेडिओतल्या गप्पा मधेच थांबल्या. कुणीतरी कान दिल्यासारखी क्षणभर शांतता झाली. आणि मग, मायेनं, हातातलं काम टाकून उठावं तशा घाईनं, उत्तर आलं,

"ओ, आले हं!"